जीभ केशरी, तर खिडकी तुझी

कुरुळी, ता. खेड
१४ जुलै २०२५

प्रिय पूनमताई,

घे, लिहिलं पत्र. रागात आणि प्रेमात फोन करायचा नाही, कागदावर लिहायचं आणि पोस्टात टाकायचं, हा तुझा कायदा मला मान्य आहे. करणार काय, शेवटचा फोन मीच भिंतीवर आपटला आणि आबांनी आता बटणांचा घेऊन दिलाय. त्यातून रागसुद्धा नीट पलीकडे जात नाही. तू म्हणालीस, पोस्टापर्यंत चालत गेलास की निम्मं उतरेल. राग उतरतो, ताई. दुसरं जे आहे ते चढतं.

तर दुसरं. तिचं नाव तनुजा.

तुला माहीतच आहे, जमीन कंपनीत गेली तेव्हा आबांनी घरामागे भाड्याच्या खोल्या काढल्या आणि शाळेसाठी दोन बस घेतल्या. मी सरांच्या तोंडावर हॉल तिकीट फेकून कॉलेजातून बाहेर पडलो, तेव्हापासून त्यातली एक माझ्या हातात. तनुजा मॅडम शाळेत जूनपासून आल्यात. समुपदेशक. म्हणजे एखाद्या मुलाला अभ्यासाचं, घरचं, मित्रांचं कसलं दडपण असेल तर त्याच्याशी बोलायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. मूळच्या नाशिकच्या, राहतात चिंचवडला मैत्रिणीबरोबर, मोशीपर्यंत पीएमपीच्या बसने येतात आणि तिथून माझ्या बसमध्ये. बसतात ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर. हल्ली मी आरशात मागचा रस्ता कमी बघतो, असं छबूमावशी म्हणतात. मावशी बसमध्ये मुलं चढवायला-उतरवायला असतात, त्यांचं तोंड तुला माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी मॅडम मावशींच्या कशावर तरी हसल्या आणि मला दिसलं, जीभ केशरी. अगदी शाळेतल्या पोरासारखी. लिमलेटच्या गोळ्या. मुलांसाठी बरणीभर आणून ठेवल्यात, पण मुलं येतच नाहीत, म्हणून दिवसभर एकट्या बसून स्वतःच खातात. ताई, त्या केशरी जिभेने मी खलास झालो. हसू नकोस.

मुलं का येत नाहीत, तर खोली जिन्याखाली आहे, येता-जाता सगळ्यांना दिसते. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी. पोरांनी तिचं बारसं केलंय, ‘मेंटल खोली’. एकदा आत गेलं की वर्षभर मेंटल. मग जातंय कोण?

आणि आज त्या फोनवर आईशी बोलत होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी सांगितलंय की दिवाळीपर्यंत कुणी आलं नाही तर त्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे. मॅडम म्हणाल्या, “बघते दिवाळीपर्यंत, नाहीतर नाशिकला परत येते.” माझ्या हातून गिअर कसा पडला ते माझं मला माहीत नाही. बस तिथंच लावून मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये घुसणार होतो. मावशींनी शर्ट धरून ठेवला.

काय करू ते सांग. काहीही करू नको, हे सोडून.

तुझा
नव्या


मिरज
२२ जुलै २०२५

नवनाथा,

काहीही करू नको.

आता पुढचं. तुझं पत्र मी वॉर्डात नाईटला वाचलं. आबामामाला मी काही बोलणार नाही, पण तू मला एक सांग, त्या मुलीला तू आहेस हे माहीत आहे का? ड्रायव्हर म्हणून नाही, माणूस म्हणून. आतापर्यंत तू तिच्याशी काय बोललास? तुझ्या पत्रात मला एवढंच सापडलं, की तिने फोनवर आईला काय सांगितलं ते तू चोरून ऐकलंस.

खोलीचं म्हणशील तर मला नवल वाटत नाही. इथे मोठमोठी माणसं येतात, मिशीला पीळ दिलेली. घाबरलोय म्हणून एक जण येत नाही. सगळे गॅस झालाय म्हणून येतात. डॉक्टर गॅसची गोळी देतात आणि हळूच विचारतात, बाकी कसं चाललंय घरी? मग तो माणूस रडतो. पण दाराशी येताना त्याला गॅस लागतोच. मुलं काही वेगळी नसतात.

हे तुला समजावं म्हणून लिहिलंय, करावं म्हणून नाही. मोठ्या बाईंच्या केबिनकडे फिरकू नकोस. आबांचं कंत्राट घालवशील.

ताई


कुरुळी
६ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

तू देवमाणूस आहेस. गॅस! सगळी अडचण गॅसचीच होती. मी पोरांना गॅस दिला.

म्हणजे ऐक. बसमध्ये रोज एकाच गोष्टीवरून युद्ध होतं, खिडकीची सीट. दप्तरं फेकली जातात, केस ओढले जातात, तिसरीतल्या एकाने तर एकदा सीटला चावा घेतला. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी बस लावली, उभा राहिलो आणि जाहीर केलं की आजपासून खिडकी त्याला, जो मॅडमच्या खोलीत जाऊन येईल. पुरावा काय, तर मॅडम आलेल्या प्रत्येकाला गोळी देतात. दुपारी बसमध्ये चढताना छबूमावशींना जीभ दाखवायची. जीभ केशरी, तर खिडकी तुझी.

हे मॅडम मोशीला चढायच्या आत सांगून घेतलं आणि सगळ्यांना घरच्या देवाची शपथ घातली.

ताई, तू बघायला हवी होतीस मंगळवारची दुपार. मावशी दारात उभ्या, कमरेवर हात, “आ कर. आजून मोठा. व्हय, जा खिडकीला.” एकाने दुकानातून बर्फाचा केशरी पेप्सीकोला खाऊन जीभ रंगवून आणली. मावशींनी त्याला वास घेऊन पकडलं. पहिल्या दिवशी पाच जण, काल तर जिन्याखाली रांग होती म्हणे. सगळेच जातात म्हटल्यावर मेंटल कोण कुणाला म्हणणार? जो गेला नाही त्यालाच आता चिडवतात, आणि तो मधल्या सीटवर बसतो.

पण आत जायचं तर काहीतरी दुःख सांगायला पाहिजे ना. पोरांनी ते आपापसांत वाटून घेतलं. आठवड्यात सातवीतल्या निम्म्या पोरांच्या आज्या वारल्या. एकाचा कुत्रा मेला, जो त्याच्याकडे कधी नव्हताच. आणि दुसरीतली एक चिमुरडी, गुडघ्याएवढी, आत जाऊन म्हणाली, मला हप्त्याचं टेन्शन आहे. मॅडमनी हे मावशींना सांगितलं, नाव न घेता, हसून हसून. मग म्हणाल्या, “घरी रोज ऐकत असेल ना ती.”

मॅडम आता केशरी जिभेने येत नाहीत. गोळ्याच उरत नाहीत त्यांना. एवढं एक नुकसान सोडलं तर सगळं झकास आहे. परवा उतरताना मला म्हणाल्या, “शेखरदादा, तुमच्या बसमधली मुलं फार मोकळी आहेत हो.” शेखर दुसऱ्या बसचा ड्रायव्हर. पण ‘तुमच्या’ म्हणाल्या की नाही?

तुझा
नव्या (शेखर नव्हे)


मिरज
१३ ऑगस्ट २०२५

शेखर,

आज्यांचं मी ड्युटीवरच्या सगळ्या सिस्टरना वाचून दाखवलं. मेट्रनसुद्धा हसली, ती दिवाळीला हसते एकदा.

आता गंभीरपणे. तिच्याकडे रांग लागली आहे ती आपल्या कामामुळे, असं ती मुलगी समजते आहे. तिला ते दुसऱ्याकडून कळायच्या आत तू सांग. आजच. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू हे पत्र वाचून ‘बघू’ म्हणशील. बघू म्हणू नकोस.

ताई


कुरुळी
९ सप्टेंबर २०२५

ताई,

मी ‘बघू’ म्हणालो.

गणपतीच्या सुटीनंतर शाळा सुरू झाली आणि आपल्या खोल्यांत राहणारा सार्थक आहे ना, नववीतला, हिंगोलीकडचे ते लोक, वडील साहेबराव कंपनीत शिफ्टमध्ये असतात, तो सार्थक दुपारी केशरी जीभ घेऊन चढला. मावशींनी खिडकी दाखवली. तो म्हणाला, नको. आणि माझ्या बाजूला इंजिनच्या झाकणावर येऊन बसला, रोज बसतो तिथंच. दुसऱ्या दिवशी तेच. जीभ केशरी, खिडकी नको.

खिडकी नको तर गेला कशाला?

मला झोप येईना. मला वाटलं, कुणीतरी पोराला त्रास देतंय. डोकं फिरलं. काल मधल्या सुटीत मी सरळ मॅडमच्या खोलीत घुसलो आणि म्हटलं, सार्थकला कोण छळतंय त्याचं फक्त नाव सांगा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, नाही सांगणार. मी म्हटलं, पोरगं माझ्या घरामागे राहतं, मला हक्क आहे. आवाज चढला असेल माझा. त्या उभ्या राहिल्या. “इथे बोललेलं मी तुम्हाला सांगितलं, तर ही खोली उद्याच बंद होईल. दिवाळीची वाट बघायला नको.”

आणि बरोबर त्या क्षणी बाहेरून छबूमावशींचा आवाज. त्या डबा द्यायला आल्या होत्या आणि जिन्याखालच्या रांगेला आत्ताच सांगत होत्या, “गोळी चावून खाऊ नका रं, जीभ रंगत न्हाई. मग खिडकी मिळायची न्हाई.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग बरणीकडे. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे यातलं कुणीच नाही आलं माझ्याकडे.” आणि तशाच मोठ्या बाईंच्या केबिनकडे गेल्या, स्वतःहून सगळं सांगायला. मोठ्या बाईंनी आमचं कंत्राट काढलं नाही, आबांची जुनी ओळख. पण खिडकीचा नियम आजच्या आज बंद, आणि दिवाळीपर्यंत जी येतील ती खरी, असं ठरलं.

मॅडम आता मोशीला चढतात, पण शेवटच्या सीटवर बसतात. आरशात दिसत नाहीत.

१२ सप्टेंबर

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढे लिहितो.

काल मोशीला मावशी आणि सगळी पोरं उतरल्यावर सार्थक आणि मी दोघेच बसमध्ये. येताना तो म्हणाला, “दादा, दिवाळीनंतर मी शाळेत येणार नाही.” का, तर वर्गात उभं करून वाचायला सांगितलं की त्याचा श्वास अडकतो. हात गार पडतात. ओळी दिसतात पण तोंडातून निघत नाहीत, पोरं हसतात. मॅडमना सांगितलंय, त्या रोज थोडं थोडं शिकवतात म्हणे, “पण मला नाही जमायलं.” मी म्हटलं, घरी काय सांगशील? तर डोळे चमकले त्याचे. म्हणाला, “तुमच्यासारखं करीन. सरांच्या तोंडावर पुस्तक फेकून यीन. मग कुणी काही म्हणत नाही. तुम्हाला कोण काय म्हणतंय?”

मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

तुझा
नवनाथ


मिरज
१९ सप्टेंबर २०२५

नव्या,

आज मी तुला काहीतरी सांगणार आहे. उभा असशील तर बस.

तुझी तोंडी परीक्षा होती त्या दिवशी तू मला फोन केला होतास. तुला वाटत असेल मी विसरले. स्टँडवरून केला होतास, मागे कंडक्टरचा आवाज येत होता. तू एक अक्षर बोलला नाहीस. नुसता श्वास ऐकू येत होता, पळून आल्यासारखा. तो श्वास मी रोज ऐकते, नव्या, माझं काम आहे ते. मी म्हटलं, बाळा, हळू घे, मी आहे फोनवर. मग तू फोन ठेवलास. आणि रात्री आबामामाला सांगितलंस की सरांच्या तोंडावर हॉल तिकीट फेकलं. मामाला वाटलं पोरगं तापट आहे, बापावर गेलंय. खरं सांगते, त्याला जरा बरंच वाटलं.

मी कुणाला बोलले नाही. तू बोलशील म्हणून वाट बघत होते. फोन बंद करून तुला पत्रं लिहायला लावली, ते रागासाठी नव्हतं रे. वाटलं, तोंडाने येत नसेल तर हाताने येईल.

यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. ताप येतो तसं ते येतं, आणि त्यावर इलाज असतो. पण तुझी ती हॉल तिकिटाची गोष्ट आता तुझी एकट्याची राहिली नाही. तो पोरगा ती पाठ करून बसलाय.

त्याला खरं सांग. मला नंतर सांगितलंस तरी चालेल.

ताई


कुरुळी
२८ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र मी बसमध्ये बसून वाचलं, काचा लावून. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. तेवढ्यात आबा आले, म्हणाले, “काय रं, डिझेल संपलं का?” मी म्हटलं, नाही, भरलंय.

सार्थकला सांगितलं. सोमवारीच सांगितलं, कुरुळीच्या वळणावर बस बाजूला घेऊन. की मी काहीही फेकलं नव्हतं. सरांनी नाव पुकारलं, मी आत गेलो, ते सर तर बिचारे पाणी पी म्हणाले, आणि माझे हात असे गार पडले की मला वाटलं आता मी मरतो. मी पळालो. हॉल तिकीट माझ्या हातून दारातच पडलं, ते उचलायलासुद्धा थांबलो नाही. चार वर्षं मी तेच ‘फेकलं’ म्हणून सांगतोय.

ताई, मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडेल. तो दप्तर सोडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “तुमचेबी हात गार पडले?” आणि हसायला लागला. चेष्टेचं नव्हे, एकाच गावचा माणूस भेटल्यासारखं. मीपण हसायला लागलो. रस्त्यावरचे लोक बघत होते, ड्रायव्हर आणि पोरगं खिदळतायत.

हसून झाल्यावर विचारतो, मग तुम्ही मॅडमकडे का नाही गेलात? मी म्हटलं, आमच्या कॉलेजात तेव्हा अशी खोली नव्हती. तो म्हणाला, “आता आहे की.”

मी गिअर टाकला.

पण एक उद्योग आम्ही सुरू केलाय. तळेगाव चौकात रोज बस अडकते, तुला त्या चौकाची कल्पना आहे. पुढे कंटेनर, बाजूला ट्रेलर, टेम्पो, कंपन्यांच्या बस. सार्थक माझ्या बाजूला बसून मोठ्याने वाचतो. समोरच्या ट्रकच्या मागे जे लिहिलंय ते. ‘अंतर ठेवा’, ‘आईची कृपा’, ‘मालक मेहरबान तर गाडी पहिलवान’. गाडी थांबलेली, कुणाला कुठे जायची घाई नाही, श्वास अडकला तर अडकला, ट्रक काही पळून जात नाही. पहिल्या दिवशी कुजबुजला. गुरुवारी मागच्या पोरांनी ओरडून सांगितलं, ए, ऐकू येत नाही, परत वाच. आणि त्याने परत वाचलं. शेवटच्या सीटवरून कुणीतरी टाळी वाजवली. मला आरशात दिसलं नाही, पण बांगडीचा आवाज होता.

आता जिभांचं. नियम बंद केल्यावर दोन दिवस सगळ्या जिभा गुलाबी. मी हादरलो, म्हटलं गेली खोली. तिसऱ्या दिवशी ती हप्त्याचं टेन्शनवाली चिमुरडी चढताना सवयीने आ करून उभी. मावशी म्हणाल्या, आता दावायची गरज न्हाई, बाळा. तिने तरी दाखवली. केशरी. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या दोघी, एकमेकींच्या मागे तोंड लपवून. काल शनिवारी तर एक दहावीतला दांडगा, ज्याने खोलीचं बारसं केलं होतं म्हणे, तो तोंड घट्ट मिटून चढला. मावशींनी “गुड आफ्टरनून” केलं, त्याला उत्तर द्यावंच लागलं. केशरी! खिडकी कुणीच मागितली नाही.

ताई, खिडकी नको आणि तरी जीभ केशरी. मी गाणं म्हणत बस चालवली.

आणि सार्थकने माझा पिच्छा पुरवलाय. म्हणून मंगळवारी शाळा सुटायच्या आधी मी मॅडमकडे जातोय. सांगणार आहे सगळं. दसऱ्यासाठी घेतलेला शर्ट आधीच घालतो.

तुझा
नव्या


कुरुळी
३० सप्टेंबर २०२५

ताई,

संपलं.

गेलो. अत्तर लावून गेलो. शेखरबद्दल आधी खुलासा केला, की मी नवनाथ. त्या म्हणाल्या, माहीत आहे, केव्हाच. मग त्या छोट्या खुर्चीत बसलो, गुडघे हनुवटीला लावून, आणि म्हटलं की मला माझं काहीतरी बोलायचंय, परीक्षेत माझं असं असं झालं. एवढंच बोललो. त्यांनी हात वर केला.

“थांबा. तुम्ही माझ्याकडे नका बोलू हे. या खुर्चीत तर नकोच.” एका कागदावर चिंचवडचा पत्ता लिहून दिला, त्यांना शिकवणारे समुपदेशक सर तिथे बसतात म्हणे, चांगले आहेत. मी विचारलं, का? अख्ख्या शाळेचं ऐकता, दुसरीतल्या पोरीच्या हप्त्याचं ऐकता, माझंच का नाही? तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “का ते तुम्ही विचार करून शोधा.”

गोळीसुद्धा दिली नाही.

म्हणजे मी पोरांपेक्षाही गेलेली केस. की राग अजून आहे खिडकीच्या भानगडीचा? असू दे. मी तो पत्ता चुरगाळून खिशात कोंबलाय. उद्यापासून बस शेखर नेईल, मी दुसऱ्या रूटला जातो. आबांना सांगतोय आत्ताच.

नवनाथ


मिरज
६ ऑक्टोबर २०२५

अरे गाढवा,

बस बदलली असशील तर परत घे. हे पत्र स्पीडपोस्टने पाठवतेय, तुझ्यासाठी खर्च करायची वेळ आली माझ्यावर.

आमच्याकडे सर्जन आहेत, हात इतका स्थिर की काय सांगू. त्यांच्या बायकोचं साधं अपेंडिक्स होतं. केलं नाही त्यांनी. दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं आणि स्वतः बाहेर बाकावर बसले, नखं खात. का केलं नाही, शोध विचार करून.

तरी मी खात्री करून घेतली. आमच्या इथल्या समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. ज्याच्याशी आपलं वेगळं काही नातं आहे, किंवा पुढे व्हावं असं मनात येतंय, त्याला त्या खुर्चीत बसवायचं नाही. त्याला दुसऱ्याकडे पाठवायचं. मी तुझी हकिगत सांगितली, नाव न घेता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मुलगा फार हुशार दिसत नाही.

त्या मुलीने तुला पेशंट करायला नकार दिलाय. दुसरा कुठला नकार दिलाय का? नीट आठव. आणि तिला तुझं नाव ‘केव्हाच’ माहीत होतं, हे तू स्वतःच लिहून वर रडतोयस.

मात्र चिंचवडला जा. तिच्यासाठी नाही. त्या स्टँडवरच्या फोनसाठी जा.

तुझी ताई


कुरुळी
१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग आबांना म्हटलं, माझी बस मला परत द्या. आबा म्हणाले, “शेखरला बी नगंच हाय ती. पोरं म्हणत्यात, ट्रक वाचून दाव. त्याला बिनाचष्म्याचं दिसत न्हाई.”

चिंचवडला गेलो. दोनदा जाऊन आलो. चुरगाळलेला कागद इस्त्रीखाली सरळ केला, आईने विचारलं, कुणाचं लग्न आहे? सर म्हातारे आहेत, चहा पाजतात, घाई करत नाहीत. आत काय बोललो ते तुलासुद्धा सांगणार नाही, ताई. तिथलं तिथंच राहतं. मॅडमवर त्या दिवशी मी कशासाठी चढलो होतो ते आता कळतं. परीक्षेचं अजून ठरलं नाही. पण परवा आबांना हॉल तिकिटाचं खरं सांगितलं. त्यांनी अडकित्ता घेतला, सुपारी कातरली. मग म्हणाले, जमिनीच्या कागदांवर सही करायला त्यांना बोलावलं होतं ना कचेरीत, तेव्हा त्यांचेही हात असेच झाले होते. “अंगठा देतो म्हणलं सायबाला. सही येत असून.” मग उठून गेले. दाराशी थांबून म्हणाले, “जात जा त्या मास्तराकडं.”

सार्थकने सहामाहीच्या आधी वर्गात वाचलं. बसून वाचलं, उभं राहून नाही, वर्गाच्या बाईंनी परवानगी दिली होती. अर्धं पान. दुपारी बसमध्ये चढला तो अशा रुबाबात, जसा काही मोर्चा काढून आलाय. साहेबराव पहिल्या शिफ्टवरून येऊन फाटकाशी उभे होते, त्यांना त्याने माझ्या बसची मागची पाटी वाचून दाखवली. ‘शाळेची बस, सावकाश’. ते म्हणाले, “एवढंच? मला वाटलं कादंबरी वाचतोस.” आणि टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. दिवाळीनंतर येणार आहे तो. विचारलं नाही मी, त्यानेच मला बजावलं, दादा, सुटीनंतर वेळेवर काढा गाडी.

आणि खोली. काल सुटी लागायच्या आधी मोठ्या बाई स्वतः जिन्याखाली आल्या. मावशी जवळच होत्या, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. बाईंनी खोलीत शिरून इकडंतिकडं बघितलं, बाहेर पोरं उभी होती त्यांच्याकडे बघितलं आणि मॅडमना विचारलं, काचेतून आतलं सगळं दिसतंय, पडदे का नाहीत अजून? मॅडम म्हणाल्या, दिवाळीपर्यंतचंच होतं ना, म्हणून घेतले नाहीत. बाई म्हणाल्या, “मग आता घ्या. जाड घ्या.” कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर जाणार आहेत.

काल मोशीला मॅडम सगळ्यांत शेवटी उतरल्या. पुढच्या सीटवर बसल्या होत्या, हे लिहायचं राहिलं. दाराशी थांबल्या. नाशिकला जातेय, म्हणाल्या, भाऊबीज झाली की परत येते. मग पर्स उघडली आणि एक लिमलेटची गोळी पुढे केली. मी म्हटलं, ही तर मुलांची.

त्या म्हणाल्या, “ती बरणीतली. ही माझ्या पर्समधली आहे, नवनाथ.”

त्यात ‘दादा’ नव्हतं, ताई.

कुरुळीपर्यंत मी कसा आलो ते सार्थकला विचार. तो इंजिनच्या झाकणावर बसून माझ्याकडे एकटक बघत होता. शेवटी म्हणाला, दादा, जीभ दाखवा. मी दाखवली. तो म्हणाला, मग आज खिडकी तुमची. मी म्हटलं, ड्रायव्हरला ती असतेच, बाळा. बघायचं राहून गेलं होतं एवढंच.

घरी आलो तर छबूमावशी मोशीहून रिक्षाने आधीच पोचल्या होत्या, ओट्यावर बसून आईला काहीतरी सांगत होत्या. आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “काय रं. आ कर बघू.”

ताई, तू भाऊबीजेला येतेयस ना? हे पत्र तुला मिळेपर्यंत बहुतेक तू बसमध्ये बसलेली असशील. म्हणून एक अर्ज आहे. तुझ्या कायद्यातला रागाचा भाग राहू दे, तो लागतो मला. प्रेमाचा तेवढा रद्द कर. मला आजच तुला फोन करायचाय.

तुझा
नवनाथ